अनुक्रमणिकेतली आठवी वाडी

कंटाळा आलाय मला, हे आधीच सांगून टाकते. गुडघे धरतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, आणि सकाळचा चहा गाळायच्या आत फोन वाजतो. "बाई, आमच्या विहिरीचं नाव पानावर चुकलंय." चुकलंय तर चुकलंय! तुम्हाला हात नाहीत? विकीचं पान म्हणजे कुणीही उघडावं आणि कुणीही दुरुस्त करावं असं पान, हे मी गावाला शंभरदा सांगितलं. पण गावाच्या लेखी ते बाईंचं पान. चूक दिसली की बाईंना फोन करायचा आणि बाईंनी चष्मा शोधत बसायचं.

हे लचांड माझ्या गळ्यात पडलं त्याला चारेक वर्षं झाली. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळानं ठरवलं की गावाची सगळी माहिती इंटरनेटवर राहायला हवी. मंडळातलीच एक मुलगी पुण्यात इंजिनियर आहे, तिनं गावाची विकी उभी केली आणि मला फोन केला. "बाई, तुमच्यासारखं शुद्ध मराठी कोण लिहिणार?" झालं. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर कुणी शुद्धलेखनाचं नाव काढलं नव्हतं. मी विरघळले. माणसानं स्तुतीला इतकं हपापलेलं असू नये.

पहिलं पान घेतलं गावच्या वाड्यांचं. वाड्या आठ. प्रत्येक वाडीचा मथळा, खाली मजकूर. मथळा करायचा तर अलीकडे बरोबरची दोन चिन्हं, पलीकडे दोन, मधे नाव. तीन-तीन चिन्हं दिली की तो पोटमथळा होतो आणि वरच्या मथळ्याच्या पोटात जातो. एवढं मला पटकन जमलं. तीन वाड्या लिहून झाल्या, चौथीचा मथळा लिहून जतन केलं, तर पानाच्या डोक्यावर एक चौकट उगवली. वर लिहिलेलं, अनुक्रमणिका. खाली माझे चार मथळे, आकड्यांसकट. मी घाबरले, म्हटलं काहीतरी मोडलं. इंजिनियर हसली. म्हणाली, चार मथळे झाले की ती आपोआप येते. नको असेल तर पानात 'अनुक्रमणिकानको' असं सलग लिहायचं, पुढेमागे दोन-दोन अधोरेषा देऊन. मथळे कमी असूनही हवी असेल तर 'अनुक्रमणिकाहवीच'. त्या 'हवीच'नं मला पहिलीतली हट्टी पोरं आठवली. मी म्हटलं, आलीय तर राहू दे. नावावर बोट ठेवलं की पान थेट त्या जागी जातं, हे मला आवडलं होतं.

आता माझी पहिली चूक. वाड्या मी अकारविल्हे लावल्या. दुसरं काय करणार? जन्मभर हजेरीपट तसाच लिहिला. हजेरीच्या बाबतीत मी भारी कडक होते. गैरहजर मित्राच्या नावाला 'हजर' म्हणणारं पोर सापडलं की तास संपेपर्यंत दाराबाहेर. कितीतरी आजचे बाप्ये माझ्या दाराबाहेर उभे राहिलेत. तर अकारविल्हे लावल्यावर कोंडवाडी आली पहिली आणि देऊळवाडी गेली तिसरी. दुसऱ्याच दिवशी देऊळवाडीचे दोघे माझ्या अंगणात हजर.

"बाई, मान आमचो पयलो. तुमी आमका तिसरे कशे केल्यात?"

"अहो, तो मान नाही, ती अनुक्रमणिका आहे."

"मगे थंय एक, दोन, तीन कित्याक लिवलाहा?"

मी इंजिनियरला सांगून आकडेच काढून टाकले. तिनं कुठंतरी एक ओळ घातली आणि आकडे गेले. तरी लोक वरून बोटानं मोजत होते. मोजून पुन्हा माझ्याकडे. शेवटी मी कपाळाला हात लावला, आकडे परत आणले आणि वाड्या गाऱ्हाण्याच्या क्रमानं लावल्या.

गाऱ्हाणं म्हणजे जत्रेच्या सकाळी देवापुढे गावाच्या वतीनं घातलेलं मागणं. गावकर, म्हणजे देवळातला पहिल्या मानाचा माणूस, ते घालतो. आमच्याकडची रीत अशी, की तो एकेका वाडीचं नाव घेतो आणि त्या वाडीची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून जाप देतात. आपल्या वाडीच्या नावाला आपणच, दुसऱ्याच्या नावाला दुसऱ्यानं. देऊळवाडीपासून सुरुवात, सातवी खालचीवाडी, आणि सगळ्यात शेवटी आठवी पलतडवाडी. या क्रमाविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती. गाव गप्प बसलं. मला वाटलं, सुटले.

पलतडवाडी खाडीपलीकडे. तिथं जायचं तर साकवावरून, भरती असली तर होडीनं. एकेकाळी अकरा घरं होती. आता दहांना कुलपं, काहींची तर कौलंही खाली आलीत. उघडं घर एकच, माझ्या मामीचं. माझी आई त्या वाडीची, मामी म्हणजे तिच्या भावाची बायको. वय ऐंशीच्या पुढं, एकटी राहते, मुलगा बदलापूरला. मामा गेल्यावर तो दरवर्षी न्यायला येई आणि ही दरवर्षी त्याला कुळथाचं पीठ आणि सोलं बांधून परत पाठवी. "माझी जाप कोण दितलो?" एवढंच तिचं म्हणणं. जत्रेला देवळातल्या डाव्या खांबाजवळ, पलतडवाडीच्या जागेवर, ती एकटी उभी राही. आठवं नाव आलं की असा दणकून 'व्हय म्हाराजा' म्हणे, की पुढची पोरं वळून बघत. अकरा घरांचा आवाज ती एकटी काढायची.

माझी दुसरी चूक भिडेची. मंडळाची गावात सभा झाली, त्यात कुणीतरी म्हणालं, एका घराची कसली वाडी? खालचीवाडीच्या पोटात घाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भांडायला हवं होतं. पण त्या दिवशी मला इतका थकवा आला होता, की मी घरी आले आणि पलतडवाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक चिन्ह वाढवलं. दोनाची तीन. अनुक्रमणिकेत ती आठवरून सात पूर्णांक एकवर आली, थोडी आत सरकून, खालचीवाडीच्या खाली.

मामीला मी ते घाबरत घाबरतच दाखवलं. तिला वाचता येतं, अक्षरावर बोट ठेवून, हळूहळू. मीच शिकवलं होतं एका उन्हाळ्यात. तिनं नाव शोधलं. म्हणाली, "खाली आसा. पण आसा मां? मगे जावंदे." आणि नावावर बोट दाबलं. पान सरकलं आणि तिच्या वाडीचा मजकूर समोर आला. तिनंच मला सांगितलेला. जोडविहीर, भुताचा फणस, ओहोटीला उघडा पडणारा सुसरीसारखा खडक, अकरा घरांची नावं. तिनं परत वर नेऊन परत बोट दाबलं. मग परत. "बग गो बाय, होडी नको काय नको. बोट लावला की घराक." त्यानंतर ती माझ्याकडे बाजारहाटाला आली की आधी माझा फोन मागायची. चहा नंतर.

पान वाढत गेलं. प्रत्येक वाडीच्या विहिरी, व्हाळ म्हणजे ओढे, राखणदार देवचाराच्या जागा, जुनी झाडं, सगळ्यांचे पोटमथळे. अनुक्रमणिका साठ ओळींच्या वर गेली. मग तक्रारी नव्या. "बाई, फोनवर अंगठा झिजतो, मजकूर येतच नाही." चौकट उजवीकडे सरकवून बघितली, तर फोनवर मजकुराची एका शब्दाची गल्ली झाली. तेव्हा इंजिनियरनं एक साचा दिला. तो पानावर चिकटवायचा आणि अनुक्रमणिकेत किती पायऱ्या दाखवायच्या तो आकडा त्यात घालायचा. मी फक्त पहिली पायरी ठेवली. जतन केलं. साठ ओळींच्या सात झाल्या. सात वाड्या, एकाखाली एक, सुटसुटीत, गाऱ्हाण्याच्या क्रमानं. मला इतकं बरं वाटलं! मी चौकट बघत बघत पेज प्यायले.

पोटमथळे लपले म्हणजे पलतडवाडीही लपली, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आठवडाभर दिवाळीची गडबड, पाठोपाठ जत्रा. मामी फराळ घेऊन आली तेव्हा मी फोन चार्जिंगला लावलेला, तिनं मागितला नाही.

त्या वर्षी म्हाताऱ्या गावकराचा आवाज गेला होता. डॉक्टरनं बोलू नको सांगितलेलं. पुतण्या मुंबईत नोकरीला, पन्नाशीचा, सरळ माणूस. गाऱ्हाणं घालायची पाळी त्याच्यावर आली. त्याला पाठ नव्हतं. तो देवापुढे उभा राहिला, घामाघूम, हातात फोन. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हल्ली भटजीसुद्धा फोनमध्ये बघून सांगतात.

सुरुवात छान झाली. देऊळवाडी. 'व्हय म्हाराजा.' मधलीवाडी. 'व्हय म्हाराजा.' एकेक नाव येत गेलं, एकेक घोळका जाप देत गेला. खालचीवाडी झाली. डाव्या खांबाजवळ मामीनं पदर सावरला, हात जोडले, श्वास घेतला. आणि पुतण्या म्हणाला, "ह्या समस्त गावाचा, चेडवाझिलांचा, गुरावासरांचा बरां कर म्हाराजा." सगळं देऊळ म्हणालं, 'व्हय म्हाराजा.' ढोल वाजला. नारळ फुटला.

मामीचं तोंड उघडंच होतं. घेतलेला श्वास तिनं सोडला नव्हता.

मी गर्दीतून तिच्याजवळ पोचेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेली होती. बाहेर गुलमोहराखाली गाठलं. तिनं माझा हात धरला. "गो बाय, माझ्याकडसून काय चुकला? गावान माका टाकल्यान?"

"काहीतरीच काय, मामी!"

"मगे नाव कित्याक नाय घेतल्यान?"

मी तिला तिथल्या चिऱ्यावर बसवलं आणि तशीच पुतण्याकडे गेले. तो खूश होता, सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. "बाई, तुमचे उपकार. काकांका बोलूक येय नाय, म्हटला आता काय करूया? तुमचा पान उघडलंय. अनुक्रमणिकाच वाचलंय बगा, वरसून खालपर्यंत!"

त्याच्या हातातला फोन मी ओढूनच घेतला. सात ओळी. सुटसुटीत. म्हाताऱ्या गावकरानं मान हलवून खुणेनं सांगितलं, देवापुढे एकदा घातलेलं गाऱ्हाणं परत घालता येत नाही. आता पुढच्या जत्रेला.

परत आले तर चिरा रिकामा. ओहोटी होती, मामी साकवावरून निघून गेली होती.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि साकव ओलांडला. ती अंगणात केर काढत होती. वर बघितलं नाही. मी माचीवर बसले आणि सगळं सांगितलं. बरोबरची चिन्हं, पोटमथळा, साचा, आकडा. तिला किती कळलं कोण जाणे. शेवटी म्हटलं, "मामी, गावानं नाही टाकलं. मी टाकलं. माझ्या हातून झालं."

केरसुणी थांबली.

"म्हणजे गावान नाय? तूच?"

"मीच."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

ती मटकन माझ्या शेजारी बसली आणि पदरानं तोंड पुसलं. "मेल्या चेडवा, आदी नाय सांगूक? रातभर मी माझी पापां मोजतसय." आणि चक्क हसली. "तू काय, आपला माणूस. घातलंस तर काडशीत, काडलंस तर घालशीत. गावान टाकला असता तर खंय गेलंय असतंय?"

मला रडू आलं. लाज वाटली. वर्गात चूक केली की पोरांना मी किती बोलायचे, आणि ही मला आता आंबोळी घालत होती.

तिथंच माचीवर बसून मी पान उघडलं. पलतडवाडीला अलीकडून एक चिन्ह खोडलं, पलीकडून एक खोडलं. जतन केलं. तिथं रेंज अशी, की चाक फिरतच राहिलं. मग सात ओळींच्या आठ झाल्या. मामीनं बोट लावून बघितलं. पान सरकलं. "आसा," ती म्हणाली.

मंडळाचे फोन आलेच. सभेत ठरलेलं बाईंनी परस्पर कसं बदललं? एका घराची वाडी! यावेळी मात्र मी थकवा बाजूला ठेवून ओरडले. "पान सगळ्यांना उघडं आहे. बदलायचं तर या आणि बदला. बरोबरचं चिन्ह कुठं असतं ते आधी शोधा." कुणी आलं नाही. बदल कसा करायचा हे शिकण्यापेक्षा गावाला गप्प बसणं सोपं गेलं.

सरत्या पावसात मामी विहिरीजवळच्या शेवाळावर घसरली. खुब्याचं हाड. मुलगा आला आणि यावेळी तिला विचारलंच नाही, गाडीत घालून बदलापूरला नेलं. जाताना तिनं माझ्याकडं घराची किल्ली दिली. कुलूप घालताना मी घरं मोजली. अकरा कुलपं.

जत्रा आली. पुतण्यानं यंदाही फोनच धरला होता. मी आदल्या दिवशी पान चारदा तपासलं. देवळात मी आमच्या वाडीच्या घोळक्यात उभी, मधलीवाडीच्या. आमची जाप देऊन झाली. एकेक करत खालचीवाडी झाली. मग त्यानं खणखणीत आवाजात म्हटलं, "पलतडवाडी."

कुणी बोललं नाही. डाव्या खांबाजवळ कुणी नव्हतंच. पुतण्या थांबला. फोनकडे बघितलं, देवाकडे बघितलं. ढोलवाल्यानं टिपरी उचलून धरलेली. नाव घेतल्यावर जाप आली नाही तर काय करायचं, हे त्याच्या पानावर लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. देवळातले निम्मे माझे विद्यार्थी, दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हटलं म्हणून दाराबाहेर उभे राहिलेले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

माना वळल्या. देऊळवाडीचा एक म्हातारा कुजबुजला, "बाई, तुमी खंय थंयचे?" ढोल वाजला आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

देवळातून बाहेर येऊन बदलापूरला फोन लावला. सुनेनं मामीच्या कानाला धरला.

"घेतल्यान?"

"घेतलं. आठवं."

"आणि जाप कोणी दिल्यान?"

"मी दिली."

तिनं सुनेला पंखा बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "तुझी आवस आमची. तू आमच्या वाडीची न्हय."

"न्हय, मामी."

"मोठ्यान दिलंस मां?"

"मोठ्यानं दिली."

"मगे बरां," ती म्हणाली. "मी येयपर्यंत तूच दी."